विषमता, जात आणि गावाचे आरोग्य

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. हंगामात परिसरातील शेतकरी येथे हिरवी मिरची आणतात, व्यापारी ती विकत घेतात आणि ती दूरदूरच्या बाजारपेठांकडे रवाना होते. या एका पिकावर शेतमालक जगतो, व्यापारी जगतो, हमाल जगतो आणि रोजंदारीवर मिरची तोडणारी स्त्रीही जगते. या सर्वांचे उत्पन्न सारखे नाही, हे सांगण्यासाठी कोणा पंडिताची आवश्यकता नाही. परंतु त्यांचे आयुष्यमान तरी सारखे असते काय? आणि नसेल, तर त्याचे कारण मिळकतीतील अंतर की समाजातील पायरी? हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. जगभरातील अभ्यासक मात्र गेली तीन दशके या प्रश्नावर वाद घालीत आहेत. तो वाद नेमका काय आहे आणि मराठवाड्यातील एखाद्या गावाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होतो, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

वादाचा आरंभ

गरिबी आणि आजारपण यांचे नाते जुनेच आहे. अमेरिकन लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युअल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये निरनिराळ्या देशांचे सरासरी उत्पन्न आणि सरासरी आयुर्मान यांची तुलना करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. गरीब देशाचे उत्पन्न थोडे जरी वाढले तरी तेथील आयुर्मान झपाट्याने वाढते. श्रीमंत देशात मात्र तेवढ्याच वाढीने फारसा फरक पडत नाही. घराच्या पातळीवरही हेच दिसते. उपाशी घरात आलेले हजार रुपये दूध, डाळ आणि औषधावर खर्च होतात. भरल्या घरात आलेल्या हजार रुपयांनी कोणाचे आयुष्य वाढत नाही.

यातून एक साधे गणित निघते. समजा, दोन गावांचे एकूण उत्पन्न सारखेच आहे. एका गावात ते बऱ्यापैकी विभागलेले आहे, तर दुसऱ्या गावात त्यातील बहुतांश वाटा मोजक्या वाड्यांमध्ये जातो. कागदावर दोन्ही गावांची सरासरी सारखीच दिसेल. परंतु दुसऱ्या गावाचे आरोग्य अधिक वाईट असेल, कारण तेथे अधिक घरे आवश्यकतेच्या रेषेखाली राहिलेली असतील.

ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड विल्किन्सन यांनी १९९२ मध्ये याच्याही पुढे जाणारा दावा मांडला. संपन्न देशांमध्ये किती पैसा आहे यापेक्षा तो कसा वाटला गेला आहे, यावर आयुर्मान अधिक अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते. विषमता ही केवळ गरिबांना नव्हे, तर संपूर्ण समाजाला आजारी करते. ती परस्परांवरील विश्वास कमी करते, अपमानाची आणि असुरक्षिततेची भावना वाढविते आणि हा ताण शरीरात उतरतो, असा त्याचा आशय. या विचाराला बळ देणारा पुरावा लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून मिळाला होता. १९६७ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे मायकेल मार्मट यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या या अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुष कर्मचाऱ्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळला. हे कर्मचारी उपाशी नव्हते, बेघर नव्हते. तरीही एकेक पायरी खाली उतरावी तसतसे आरोग्य खालावत गेलेले दिसले. पायरी म्हणजे केवळ पगार नव्हे, हे या अभ्यासाने ठळक केले.

अमेरिकेत वादाला मिळालेले वळण

नव्वदच्या दशकात अमेरिकेतील अभ्यासकांनी आपल्या राज्यांची आणि शहरांची तुलना केली. जेथे उत्पन्नविषमता अधिक, तेथे मृत्युदरही अधिक, असे चित्र समोर आले. विल्किन्सन यांच्या सिद्धान्ताला जणू दुजोराच मिळाला.

परंतु २००३ मध्ये अँगस डीटन आणि डॅरेन लुबोट्स्की या अर्थशास्त्रज्ञांनी हेच आकडे पुन्हा तपासले. (डीटन यांना पुढे २०१५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) त्यांनी प्रत्येक शहरातील कृष्णवर्णीय लोकसंख्येचे प्रमाण लक्षात घेतले, तेव्हा विषमता आणि मृत्यू यांच्यातील नाते जवळजवळ नाहीसे झाले. ज्या शहरांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण अधिक, त्याच शहरांत उत्पन्नविषमताही अधिक होती आणि मृत्युदरही अधिक होता. म्हणजे आपण ज्याला विषमतेचा परिणाम समजत होतो तो वस्तुतः वंशभेदाच्या इतिहासाशी जोडलेला होता. त्याहून विचारात पाडणारी गोष्ट अशी की, अशा शहरांमध्ये गौरवर्णीयांचा मृत्युदरही अधिक आढळला.

२००९ मध्ये मायकेल अॅश आणि डीन रॉबिन्सन यांनी या निष्कर्षाची फेरतपासणी केली. आकड्यांना वजन देण्याची पद्धत बदलली तर विषमतेचा परिणाम काही ठिकाणी पुन्हा दिसतो, असे त्यांनी दाखविले. डीटन आणि लुबोट्स्की यांनी उत्तर दिले की तो केवळ एका मांडणीत दिसतो; बाकी सर्व गणिते मूळ निष्कर्षाच्याच बाजूने आहेत. हा वाद आकडेशास्त्राचा वाटला तरी त्याच्या मुळाशी मोठा प्रश्न आहे. ज्या समाजात शतकानुशतके वंशानेच उत्पन्न ठरविले, तेथे वंश आणि उत्पन्न यांना वेगवेगळ्या रकान्यांत घालून कोणाचा दोष किती, हे मोजता येईल काय?

अमेरिकेत २०१९ मध्ये, म्हणजे करोनाची साथ येण्यापूर्वी, गौरवर्णीयांचे सरासरी आयुर्मान ७८.८ वर्षे आणि कृष्णवर्णीयांचे ७४.८ वर्षे होते. जगातील अत्यंत धनाढ्य देशातही जन्माने ठरलेली ओळख आयुष्याची चार वर्षे हिरावून घेते, हे यातून स्पष्ट होते.

वंशाच्या ठिकाणी जात

वंश आणि जात या दोन गोष्टी एक नव्हेत. परंतु त्यांच्यातील साम्य महाराष्ट्राने फार पूर्वीच ओळखले होते. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. तेव्हा वंशाविषयीच्या वादाचा आपल्या गावाशी संबंध काय, असे विचारण्याचे कारण नाही.

आपल्या देशाचे आकडे पाहू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांत दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ७२ बालके पाच वर्षांची होण्यापूर्वी दगावत होती; सर्वांत संपन्न पंचमांशात ही संख्या सुमारे २३ होती. संपत्तीचा परिणाम किती मोठा आहे, हे यावरून कळते. याच सर्वेक्षणात अनुसूचित जमातींमध्ये हे प्रमाण सुमारे ५७, अनुसूचित जातींमध्ये ५६, इतर मागासवर्गीयांमध्ये ५१ आणि उर्वरित समाजात सुमारे ३९ होते.

येथे कोणी म्हणेल की दलित आणि आदिवासी गरीब आहेत, म्हणून त्यांची मुले अधिक दगावतात; गरिबी हटवा, प्रश्न मिटेल. या आक्षेपाचे उत्तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिले आहे. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता या संशोधकांनी उत्तर, मध्य आणि पूर्व भारतातील नऊ राज्यांच्या आकड्यांचा अभ्यास केला. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक, दलितांचे तीन वर्षांहून अधिक आणि मुस्लिमांचे सुमारे एक वर्षाने कमी असल्याचे त्यांना आढळले. आर्थिक स्थितीतील फरक हिशेबात घेतल्यावर या अंतराचा निम्म्याहूनही कमी भाग उलगडला. म्हणजे सारखीच घरे आणि सारखीच मिळकत असलेल्या दोन कुटुंबांतही सामाजिक पायरीनुसार आयुष्याची लांबी बदलते. या नऊ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. परंतु आपल्याकडे असे घडत नसेल, असे मानण्याचे धाडस आपण करू नये.

अंतर कोठून येते?

उत्पन्न सारखे असूनही आयुष्य कमी का होते, याची उत्तरे गावाच्या रचनेत शोधावी लागतात. पहिले उत्तर पाण्याचे. आपल्या खेड्यांत वस्ती कोठे असावी हे जातीने ठरविले आणि वस्तीने पाणी ठरविले. जोतिरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, या घटनांकडे आपण हक्काच्या लढ्याच्या घटना म्हणून पाहतो. त्या आरोग्याच्याही घटना होत्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळून निघाला. अशा वेळी टँकर कोणत्या गल्लीत थांबतो, कोणाच्या हंड्यापर्यंत पाणी पोहोचण्याआधी तो रिकामा होतो, यावर त्या महिन्यातील जुलाबाचे रुग्ण ठरतात.

दुसरे उत्तर जमिनीचे. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला पीककर्ज मिळते, विहिरीसाठी अनुदान मिळते. भूमिहीनाला आजारपणात सावकार किंवा मुकादम गाठावा लागतो. याचे अत्यंत दारुण रूप शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत समोर आले. राज्य शासनाने नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढली गेली होती. म्हणजे सहांपैकी एकीची. देशात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण २०१५-१६ च्या सर्वेक्षणात तीन टक्क्यांच्या आसपास होते. कोयत्याची उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर दंड भरावा लागणार, फडावर ना शौचालय ना विश्रांती. अशा स्थितीत साध्या विकारावरही गर्भाशय काढून टाकणे हाच उपाय स्त्रीला सांगितला जातो आणि ती तो स्वीकारते. हे कामगार प्रामुख्याने भटक्या विमुक्त, दलित आणि अल्पभूधारक कुटुंबांतील आहेत. येथे उत्पन्न आणि जात यांना वेगळे कसे करायचे?

तिसरे उत्तर वागणुकीचे. दवाखान्यात कोणाला बसायला सांगितले जाते आणि कोणाला दारात उभे ठेवले जाते, परिचारिका कोणत्या वस्तीत गृहभेटीला जाते, अंगणवाडीतील ताट कोणी वाढलेले चालते, या गोष्टी कोणत्याही उत्पन्नाच्या दाखल्यावर लिहिलेल्या नसतात. पण एकदा अपमान झालेली गर्भवती दुसऱ्या तपासणीला येत नाही. दगावलेल्या बालकाच्या नोंदीत कारण म्हणून कमी वजन किंवा न्यूमोनिया लिहिले जाते. अपमानाचा रकाना तेथे नसतो.

जातीची किंमत सर्वांनाच

गौरवर्णीयांविषयीच्या त्या कोड्याशी ताडून पाहण्याजोगा अनुभव भारतातही आला आहे. हिंदू कुटुंबांच्या तुलनेत मुस्लिम कुटुंबे सरासरीने अधिक गरीब आणि कमी शिकलेली असूनही त्यांच्यातील बालमृत्यूचे प्रमाण कमी होते, हे अनेक वर्षे कोडे होते. मायकेल जेरुसो आणि डीन स्पिअर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की या फरकाचे मुख्य कारण स्वच्छतेत आहे. मुस्लिम कुटुंबांत शौचालयाचा वापर अधिक होता आणि त्याचा लाभ त्यांच्या शेजारी राहणाऱ्या हिंदू बालकांनाही होत होता. ग्रामीण भागात शौचालय असूनही ते न वापरण्यामागे सोवळेओवळे आणि खड्डा उपसण्याचे काम विशिष्ट जातीचे, ही समजूत होती, असे स्पिअर्स आणि डायान कॉफी यांनी आपल्या संशोधनात दाखविले आहे.

यातून निघणारा निष्कर्ष गंभीर आहे. विटाळाच्या कल्पनेने उघड्यावर जाणारा माणूस आपल्याच बालकाच्या पोटात जंत आणि जुलाब पोहोचवितो. रोगजंतू जात विचारीत नाहीत. म्हणून गावातील भेदाची सर्वाधिक किंमत खालच्या पायरीवरचा माणूस मोजतो, हे खरे असले तरी वरच्या पायरीवरचाही त्यातून सुटत नाही.

ज्यांनी अंतर कमी केले

ही परिस्थिती अटळ नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले, तेव्हा त्या दुष्काळी परिसरात दर हजार जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके दगावत होती. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील अनेक दलित आणि निरक्षर होत्या. कूपनलिका खोदताना त्या दलित वस्तीत येतील, याची त्यांनी काळजी घेतली, जेणेकरून पाण्यासाठी सर्वांना तेथे यावे लागेल. उपचार आणि समता यांची त्यांनी फारकत होऊ दिली नाही. पुढील दशकांत तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण अनेक पटींनी घटले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्या गावांचे उत्पन्न तीन वर्षांत एकाएकी वाढले नव्हते. सेवा दारापर्यंत पोहोचली होती, आणि ती देणारी बाई आपल्यातलीच होती. या दोन प्रयोगांची छाया पुढे देशभरात नेमलेल्या ‘आशा’ कार्यकर्तीच्या कल्पनेत दिसते.

जालना जिल्ह्यासमोरील प्रश्न

जालन्याची ओळख पोलाद आणि बियाणे यांच्या उद्योगांनी झाली. तरीही २००२ च्या राज्य मानव विकास अहवालात हा जिल्हा महाराष्ट्रातील अगदी शेवटच्या काही जिल्ह्यांत होता. पैसा जिल्ह्यात येतो, परंतु तो सर्वांच्या आरोग्यात उतरत नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही. गंभीर रुग्णाला वर्षानुवर्षे औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) घाटी रुग्णालयाचा रस्ता धरावा लागत असे. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने मोठ्या शस्त्रक्रियेचा भार हलका केला आहे. परंतु रुग्णालय आणि विमा आजार झाल्यानंतर उपयोगी पडतात. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात राज्यातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली आणि २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वीच झालेले होते. हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुटणारे नाहीत.

त्यासाठी आधी मोजणी नीट व्हावी लागते. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. या नोंदीवरून राजकारण होणार, हे उघड आहे. परंतु कोणाची मुले किती जगतात, हे कळण्याचा मार्गही त्यातूनच जातो. या संदर्भात आपल्या ख्रिस्ती समाजाचा एक वर्ग विशेष विचार करण्याजोगा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी जोडला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांचा त्यात समावेश झाला; दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजात अशा कुटुंबांची संख्या मोठी आहे. धर्मांतराने गावकुसाबाहेरचे घर गावकुसाच्या आत आले नाही, पाण्याचे अंतरही कमी झाले नाही; पण सरकारी दर्जात त्यांची ती ओळख पुसली गेली. आणि चर्चमध्येही पंगतीचा वा स्मशानभूमीचा भेद कोठे शिल्लक असेल, तर तो दूर करणे हे आपलेच काम आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

उत्पन्न की जात, या प्रश्नाचे आमच्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असे आहे. उत्पन्न वाढले पाहिजे आणि ते अधिक न्याय्य रीतीने वाटले गेले पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु तेवढ्याने आयुष्यातील अंतर पूर्णपणे मिटणार नाही, कारण त्यातील मोठा भाग पाणी, वस्ती आणि वागणूक यांनी घडविलेला आहे. म्हणूनच सरासरीवर समाधान मानू नये. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला थोडा निधीही मिळतो. पिंपळगाव रेणुकाई असो वा आपले कोणतेही गाव, तेथील वाचकांनी ग्रामसभेत काही साधे प्रश्न विचारावेत. अंगणवाडीतील कमी वजनाची बालके कोणत्या वस्तीतील आहेत? गेल्या वर्षी दगावलेली अर्भके कोणत्या गल्लीतील होती? शेवटचा नळ कोठे संपतो? आरोग्यसेविका शेवटची कोणत्या घरी गेली होती? ही उत्तरे गावाच्या नकाशावर मांडली, तर कोणता उपचार आधी करायचा हे सांगण्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञाची वाट पाहावी लागणार नाही.